बोरीखालची बिंदगी

पर्थमध्ये डिसेंबर लागला की आमच्या गल्लीतली माणसं एकेक करून नाहीशी होऊ लागतात. आधी समोरचे जातात, मग कोपऱ्यावरचे. मग शेजारचा ग्रेग आपल्या गाडीमागे घरासारखं दिसणारं एक पांढरं खोकं जोडतो, त्यात खुर्च्या, बर्फाची पेटी, कुत्रं आणि बायको या क्रमाने भरतो आणि दक्षिणेकडच्या समुद्राकडे निघून जातो. गल्ली ओस पडते. अंगणातली हिरवळ उन्हाने वाळून पिवळी पडलेली असते. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की त्या वाळक्या गवताचा वास खिडकीतून आत येतो आणि हातातलं काम हातात राहून मी जरा वेळ कुठेच नसतो.

तो वास गवताचा नसतो, कडब्याचा असतो. ज्वारीच्या शेतात नुकत्या उभारलेल्या कोपीच्या आतला. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून केलेलं ते इवलंसं घर, वरून पांघरलेली शाल, आत चुना लावून मांडलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. फटींतून येणाऱ्या उन्हाच्या बारीक काड्या त्या पांढऱ्या दगडांवर पडलेल्या. बाहेर कुठेतरी हरभरा खुडताना बोटांना लागलेली आंब, भाकरीचा धूर, आणि लसूण-जिऱ्याची फोडणी बसलेल्या ताकाचा थंडगार आंबूस दरवळ.

"आली वाटतं तुमची येळवस," बायको स्वयंपाकघरातूनच म्हणते. ती नायगावची. नांदेड जिल्ह्यातल्या तिच्या माहेरी वेळअमावास्येच्या या दिवसाचं आमच्याइतकं वेड नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिने अख्खं लातूर शहर कुलूप लावून शेतात गेलेलं पाहिलं, तेव्हा तिला वाटलं, गावात काही दंगल वगैरे झाली. चौकात एक म्हातारा पोलीस आणि दोन गाढवं. बाकी सगळे, म्हणजे डॉक्टर, वकील, सराफ, शिकवण्या घेणारे मास्तर आणि त्यांच्यामुळे डोळे खोल गेलेले विद्यार्थी, सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात. स्वतःचं शेत नसेल तर मित्राचं. मित्राचं नसेल तर रस्त्याने चालायला लागायचं. पहिलीच कोप हाक मारते आणि हाक आली की बसावंच लागतं.

ग्रेगला मी एकदा हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो सुट्टीची आखणी वर्षभर आधी करतो. मी म्हटलं, आमच्याकडे सगळा जिल्हा एकाच दिवशी सुट्टीवर जातो. किती लांब, त्याने विचारलं. मी म्हटलं, घरापासून दिसतं. मग राहता कुठे? राहत नाही, जेवतो आणि संध्याकाळी परत येतो. एवढ्या जवळ जाऊन माणूस एवढा लांब जाऊन येऊ शकतो, हे मला इंग्रजीतून सांगता आलं नाही. मराठीतूनही आलं असतं की नाही, शंकाच आहे.

राजकारणाचंही तसंच. आमच्या इथल्या नगरपालिकेची निवडणूक टपालाने येते. पाकीट येतं, फ्रिजवर चुंबकाखाली लटकतं आणि मागच्या खेपेला अख्ख्या प्रचारात पेटलेला प्रश्न एकच होता: समुद्रकिनाऱ्यावर कुत्री सकाळी सोडायची की संध्याकाळी. मोठी निवडणूक असली की शाळेत जाऊन मत द्यावं लागतं, न दिलं तर दंड होतो, आणि बाहेर पालकमंडळी सॉसेज भाजून पावात घालून विकत असतात. मत दिलं की ते खायचं, अशी रीत. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात लिंग, म्हणजे मांस वर्ज्य, त्यामुळे मी पहिल्या वेळी नुसता भाजलेला कांदा पावात घालून मागितला. विकणाऱ्या बाईंनी इतक्या करुणेने वाढला की मला वाटलं, माझा उमेदवार पडला. पण खरी गंमत पुढची. तो कांदा खात मी अर्धा तास तिथे उभा होतो आणि कोणत्याही पक्षाच्या माणसाने येऊन पाहिलं नाही, की हा कुणाचा कांदा खातोय.

आमच्या गावात ही चैन नाही. गाव रेणापूरच्या पुढे आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर परत जायची सोय राहणार नाही. तिथे निवडणुकीच्या दिवसांत तुम्ही कुणाच्या ओट्यावर टेकलात, कुणाचा चहा अर्धा ठेवलात, कुणाकडे पाहून हसलात, हे सगळं मतमोजणीच्या आधी मोजून झालेलं असतं. आणि पाच वर्षांपूर्वी आम्ही गेलो, त्या वर्षी तर सरपंचाची निवडणूक आणि येळवस अशा काही जवळ आल्या, की मधे फक्त एक आठवडी बाजार होता.

आम्ही हैदराबादला उतरून आधी नायगावला गेलो. बायकोला तिच्या आईकडे सोडून मी एकटाच भाड्याच्या गाडीने निघालो. हिवाळ्यातली ती कोवळी सकाळ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडई आणि तूर, धुक्यात अर्धवट बुडालेली म्हसोबाची शेंदरी टेकाडं. आणि प्रत्येक फाट्यावर फलक. गॉगल लावलेले चेहरे, हात जोडलेले चेहरे, गॉगल लावून हात जोडलेले चेहरे. चाकूर येईपर्यंत मी किमान एका विधानसभेला पुरतील एवढे भावी पुढारी पाहिले होते. परदेशात राहून माणसाला एक रोग जडतो: त्याला मायदेशाचं राजकारण फार स्वच्छ दिसू लागतं, चष्मा पुसल्यासारखं. मी ड्रायव्हरला लोकशाहीवर बरंच काही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, साहेब, तुमचं मत कुठं हाय? मी म्हटलं, आता तिकडे. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओ लावला.

घरी तर हे दुःख ताजंच होतं. माझा पासपोर्ट बदलला, त्या साली गावच्या यादीतून माझं नाव गेलं आणि माझा थोरला भाऊ, दत्ताअण्णा, आठवडाभर घरात बोलला नव्हता. मी परदेशी झाल्याचं त्याला काही नव्हतं. घरातलं एक मत गेलं, याचं होतं. आणि आता तर घरातच उमेदवार. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं होतं आणि आमची शकुंतलावहिनी उभी होती.

बाईची जागा निघाली की फलकावर बायकोचा फोटो छोटा आणि नवऱ्याचा मोठा, ही आमच्याकडची पद्धत. अण्णानेही तसाच फलक छापला होता. पण पहिल्याच संध्याकाळी चुलीपाशी बसून वहिनीने मला जे सांगितलं, ते फलकावर नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती. पाणंदीचा रस्ता. गावातून शिवाराकडे जाणारी पाणंद मधेच, आमच्या शेताच्या तोंडाशी, संपते. पुढे नुसता बांध. आणि त्या बांधाच्या पलीकडे साऱ्या खालच्या शिवाराची शेतं. पावसाळ्यात तिथे गुडघाभर काळी माती होते. त्याच मातीत दोन वर्षांपूर्वी डोक्यावर वैरणीचा भारा असताना वहिनी पडली आणि तिचं मनगट मोडलं. बसलं ते वाकडंच. भाकरी थापताना तो हात जरा बाहेरच्या बाजूला जातो आणि भाकरी त्या बाजूने किंचित लांबोळी होते.

"गाडीवाट झाली की बायांच्या डोक्यावरचं उतरतंय," ती म्हणाली. "मला त्या खुर्चीचं काय करायचंय, भावजी? पर तिच्यावर बसल्याबिगर हे दोघं ऐकत न्हाईत."

दोघं म्हणजे एक गुंडाप्पा. बांधाच्या त्या बाजूचा शेतकरी, उदगीरकडून येऊन आमच्या गावात रुजलेल्या घरातला, अण्णाचा एके काळचा जिवलग. रस्त्यासाठी लागणारी पट्टी त्याच्या आणि आमच्या सामाईक बांधालगत होती. आणि दुसरा कोण, हे मी विचारलं नाही, कारण दुसरा तेवढ्यात खोकत ओसरीवर आला. अण्णाचं म्हणणं, आधी त्यानं सोडावी. गुंडाप्पाचं म्हणणं, आधी यानं. गुंडाप्पाने आपल्या बायकोला, महानंदाला, वहिनीच्या विरोधात उभं केलं होतं. या दोघी एकाच हंगामात लग्न होऊन गावात आलेल्या, एकाच आडावर पाणी भरलेल्या. नवऱ्यांचं फाटलं म्हणून यांचंही बोलणं बंद झालं. मी अण्णाला विचारलं, का फाटलं? तो म्हणाला, तुला काय करायचंय, तू दहा दिवसांचा पाव्हणा. आणि विषय बदलून ऑस्ट्रेलियात ऊस होतो का, ते विचारू लागला.

पुढे जे घडलं त्याचं मूळ या न दिलेल्या उत्तरात आहे, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. कुणाला पटलेलं नाही.

येळवशीची सकाळ. आदल्या रात्रीपासून घर जागं. भज्जीसाठी तुरीचे सोले, हरभरा, बोरं, चिंचेचा कोळ, मेथी, गाजर, शेतात जे जे म्हणून उगवलंय ते सगळं एका पातेल्यात डाळीच्या पिठात रटरटतंय. बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर. आणि कोपऱ्यात, गळ्याला दोरी बांधलेल्या पितळी बिंदगीत, म्हणजे कळशीत, सगळ्या दिवसाची मालकीण असलेली आंबील. आमच्याकडे आंबिलाची बिंदगी घरातला पुरुष घोंगडी पांघरून डोक्यावर नेतो, शेतात कोपीतल्या पांडवांपुढे ठेवतो. वाटेत बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. आणि एकदा ठेवली की पूजा, नैवेद्य, जेवण होईपर्यंत हलवायची नाही. अण्णाची मान धरली होती. (बायको म्हणते, फलकावर हात जोडून उभं राहिल्याने.) तेव्हा मान माझ्याकडे आला. परदेशातून आलेला दीर बिंदगी घेऊन चाललाय, हे चित्रही प्रचाराला वाईट नव्हतं.

मी निघालो. बाकीचे ट्रॅक्टरने मागून येणार होते. डोक्यावर थंड, जड, डचमळणारी बिंदगी, वरून घोंगडी, तिच्या खालून दिसतो तेवढाच रस्ता: माझे पांढरे बूट आणि पुढची हातभर जमीन. लोकरीचा वास, घामाचा वास, ताकाचा वास. मधूनच एक थेंब कानामागून मानेत उतरायचा. बाजूने बैलगाड्या जात होत्या, घुंगरं, टेम्पोतली गाणी, पोरांचा कालवा, आणि हे सगळं घोंगडीच्या आत पाण्याखालून ऐकल्यासारखं येत होतं. मला वाटलं, मी नऊ-दहा वर्षांचा आहे आणि पुढे वडील चालताहेत. त्यांच्या टाचा मला दिसत होत्या, भेगांमध्ये काळी माती भरलेल्या. खरं सांगतो, दिसत होत्या. मी त्या टाचांच्या मागे चालत गेलो.

पाणंद संपली, तिथे त्या टाचा डावीकडे वळल्या. मीही वळलो. करडईचे काटे पोटऱ्यांना ओरबाडू लागले, पण ते तर दरवर्षीच ओरबाडायचे. माणसं हाका मारत होती. "कुनाच्या कोपीवर, पाव्हनं?" मी कसा बोलणार? एक जण म्हणाला, अरे, ह्यो तर दत्ताअण्णाचा भाऊ. दुसरा म्हणाला, गप, बघ कुठं चाललाय ते. आणि मग एकदम सगळे गप्प झाले. त्या शांततेचा अर्थ माझ्या लक्षात आला असता, तर मी आज ऑस्ट्रेलियात नसतो, मंत्रालयात असतो.

बोरीचं झाड आलं. घोंगडीखालून मला तिचं खोड दिसलं, कमरेत वाकलेलं, खाली पडलेली लालपिवळी बोरं. आमची कोप कायम या बोरीखाली. मी वाकून आत शिरलो, बिंदगी पांडवांपुढे टेकवली, घोंगडी काढली, आणि सात समुद्र ओलांडून घरी पोचल्याच्या समाधानाने मागे वळलो.

समोर गुंडाप्पा उभा होता. त्याच्या मागे त्याचं सगळं पॅनल. त्यातल्या एकाने मोबाईल वर धरला होता.

बोरी चुकली नव्हती. मालक चुकला होता. मधल्या वर्षांत जमिनीची मोजणी झाली होती आणि बांध आमच्या बाजूला सरकून बोर गुंडाप्पाकडे गेली होती. फाटलं होतं ते यावरून. अण्णाला ते मला सांगायची लाज वाटली होती. वडिलांनी लावलेलं झाड आपल्याकडून गेलं, हे परदेशातल्या भावाला सांगायचं कसं? आणि मी त्या झाडाखाली घरच्या उमेदवाराची आंबील, सगळ्या शिवाराच्या डोळ्यांदेखत, विरोधी उमेदवाराच्या पांडवांपुढे नेऊन बसवली होती. गावातल्या हुशार माणसांना वाटलं, ही अण्णाची चाल आहे. त्याहून हुशार होते त्यांना वाटलं, ही शरणागती आहे. चुकून झालं असेल, असं एकालाही वाटलं नाही. परदेशात शिकून आलेला माणूस एवढा कसा चुकेल?

मी बिंदगी उचलायला वाकलो, तोच महानंदा पुढे झाली आणि तिने बिंदगीला हळदकुंकू लावून टाकलं. "ऱ्हाऊ द्या, भावजी," ती म्हणाली. "ठिवली ती जागा बरी हाय."

आता ती हलणं शक्य नव्हतं. मी बांधाकडे पाहिलं. आमचा ट्रॅक्टर येऊन थांबला होता. अण्णा खाली उतरून बांधापाशी येऊन उभा राहिला, पुढे येईना, मागे जाईना. मान धरल्यामुळे त्याला आभाळाकडेही बघता येत नव्हतं. नेमकं समोरच बघावं लागत होतं, जिथे मी होतो.

आणि मग वहिनी उतरली. भज्जीचं पातेलं ठेवलेली टोपली तिने त्या वाकड्या मनगटाने सावरत डोक्यावर घेतली, चपला बांधावर काढल्या आणि चालत आली. ज्वारी तिच्या डोक्याएवढी होती, त्यामुळे लांबून नुसती टोपलीच कणसांवरून तरंगत येतेय, असं वाटत होतं. हे दृश्य मला अजून स्वप्नात दिसतं. एक पाखरांचा थवा उठून पुन्हा बसला तेवढाच आवाज.

कोपीपुढे येऊन तिने टोपली उतरवली. "महानंदा," ती म्हणाली, "माझी आंबील तुझ्या पांडवाम्होरं बसली."

"बसली की."

"मग मला बी बसावं लागतंय."

"बस की," महानंदा म्हणाली आणि सरकून जागा केली. दोघी एकमेकींना लागून बसल्या, आडावर बसत असतील तशा. मग महानंदाने वहिनीचं मनगट हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं.

पूजा झाली. पानं मांडली गेली. मी जेवलो. सांगायला शरम वाटते, पण एवढा सगळा अनर्थ करूनही मी तीनदा भज्जी घेतली. महानंदाची आणि वहिनीची, दोन्हीकडची. आणि दोन्हीत डावं-उजवं करणं कोणत्याही परदेशी निरीक्षकाला शक्य नव्हतं. गुंडाप्पाची माणसं आली, आमची माणसं बांधावरून एकेक करून सरकत आली. उपाशी पोटी किती वेळ विरोधात राहणार? शेवटी अण्णा तेवढा बांधावर उरला. त्याला वहिनीने पान नेऊन दिलं नाही. महानंदाने नेलं. त्याने ते हातात घेतलं, बोरीकडे पाहिलं आणि उभ्यानेच जेवला.

दुपार कलली. पोरं झोके खेळून दमली. बायका घागरी विसळू लागल्या. तेव्हा वहिनी रिकामी बिंदगी काखेत घेऊन उठली आणि उभी राहिली. नुसती उभी. गुंडाप्पाने विचारलं, काय झालं, वैनी?

"येताना काट्यातनं आले," ती म्हणाली. "जाताना जायची न्हाई. वाट द्या."

गुंडाप्पा हसला. "प्रचार करायल्यात का, वैनी?"

"व्हय. तुमच्याच कोपीत बसून करायलेय." मग तिने आवाज न चढवता बांधाकडे तोंड केलं. "तुमी अर्धी सोडा, आन्‌ त्या उभं ऱ्हाऊन जेवलेल्यानी अर्धी सोडावी. बोर कुनाची का असंना. सावली तर वाटंवरच पडतीया."

गुंडाप्पा काही म्हणणार तोच महानंदा उठली. तिने वहिनीच्या काखेतल्या बिंदगीवर हात ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. "सरपंच तू हो न्हाईतर मी," ती म्हणाली. "वाट हुईल."

दोन्ही नवरे तेव्हा कुठे पाहत होते, ते मला नीट आठवत नाही. मला आठवतं ते त्यानंतरचं ऊन. कणसांवर टेकलेलं, मधासारखं. शिवारभर कोपीकोपींपुढे दूध उतू घातलं जात होतं, गोवऱ्यांचा निळसर धूर जमिनीलगत पसरत होता आणि कुठून तरी आंबील शिंपडत पिकातून धावणाऱ्यांची ती आरोळी येत होती, जिचे शब्द प्रत्येक शेतात वेगळे ऐकू येतात आणि अर्थ कुणालाच विचारायचा नसतो. मग अंधारून आल्यावर पेंढ्या पेटवून माणसं पिकाभोवती पळू लागली. लांबून पाहिलं की वाटायचं, ताऱ्यांनाच आज शिवारातून फिरवून आणताहेत. त्या वेळी मला कुणाचाही राग, लोभ, पक्ष, पासपोर्ट काही नव्हता. फार सुंदर वाटत होतं. अण्णा माझ्याशी बोलत नव्हता, एवढंच.

वहिनी पडली. थोडक्यात पडली. अर्ध्या गावाने धरलं होतं की दोन्ही घरांची मांडवली झाली, शकुंतलाबाई महानंदासाठी मागे सरली. बिंदगीच त्यांच्या कोपीत गेली, आता मत देऊन काय करायचं? माझा तो फोटो, घोंगडी हातात आणि चेहऱ्यावर परमानंद, मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत मोबाईलमोबाईलवर फिरत होता. खाली लिहिलं होतं, परदेशातून खास पाठिंबा. मी अण्णाला म्हटलं, मला खरंच वाईट वाटतंय. तो म्हणाला, तुझं मत नव्हतं तेवढंच बरं, न्हाईतर तेबी तिकडंच टाकून आला असतास. हैदराबादला जाईपर्यंतचं त्याचं माझ्याशी ते शेवटचं वाक्य.

वहिनीने मात्र एका शब्दाने बोल लावला नाही. निघताना तिने तिळाच्या भाकरी बांधून दिल्या. एका बाजूने किंचित लांबोळ्या.

त्या उन्हाळ्यात वाट झाली. सरपंच महानंदाबाईंनी केली. गुंडाप्पाने अर्धी सोडली, अण्णाने अर्धी सोडली, आणि दोघेही आपलीच अर्धी जास्त आहे, असं आजवर सगळ्यांना सांगत आले आहेत. वाटेच्या तोंडाशी महानंदाच्या नावाची पाटी आहे, छोट्या फोटोची जागा तिने गुंडाप्पाला दिली. वहिनीचं नाव कुठेच नाही. पण बायका तिथून जाताना बोरीखाली क्षणभर थांबतात, डोक्यावर काही नसलं तरी.

आता पाच वर्षं झाली. निवडणूक पुन्हा आली आहे. जागा पुन्हा बाईचीच निघाली, आणि वहिनी पुन्हा उभी आहे. महानंदा या खेपेला उभी नाही. ती वहिनीसोबत दारोदार फिरतेय, असं कळलं. मी वहिनीला फोनवर विचारलं, आता रस्ता तर झाला, मग कशाला? ती म्हणाली, रस्ता झाला, आता त्याच्यावरनं खालच्या शिवारातल्या पोरींना लातूरला शिकायला न्यायला मोटार नको का, सकाळच्या टायमाला?

मग जराशाने म्हणाली, येळवशीला या की. मी हसत म्हटलं, मला बोलावून तुम्हाला पुन्हा पडायचंय का? तिकडून भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत होता, एक हलका, एक जड.

काल संध्याकाळी ग्रेग समुद्राकडे निघण्याआधी कुंपणापाशी आला. आम्ही नाही तेवढ्यात झाडांना पाणी घाल, असं सांगायला. मी म्हटलं, या वर्षी मला जमणार नाही, मीही सुट्टीवर चाललोय. कुठे, त्याने विचारलं. मी म्हटलं, शेतात, एका दिवसासाठी. तिथे काय करणार? मी सांगितलं नाही. कारण तिथे मी काहीच करणार नाही, हे फोन ठेवण्यापूर्वीच ठरलं आहे.

"या," वहिनी शेवटी म्हणाली होती. "पर यंदा बिंदगी माझ्या डोस्क्यावर. घरातला बाप्या नेतो ते ऱ्हाऊ द्या. तुमी माझ्या मागं चालायचं. झाड बघायचं न्हाई, बांध बघायचा न्हाई. नुस्त्या माझ्या टाचा बघायच्या."